ताईचा नंबर, आईचा फोन: प्रकल्प नोंदी

२२ जून २०२५, रविवार

ताई येत्या मंगळवारी नागपूरला येऊन राहिली न्यू जर्सीहून, तीन वर्षांनी, आणि १२ जुलैला परत. हातात अठरा दिवस. २०२२ ला आली होती तेव्हा लग्नं, सावजी, रामटेक यात सगळी सुट्टी गेली आणि नंबरचं काम राहून गेलं ते राहूनच गेलं, त्याचा त्रास तीन वर्षं काढला, म्हणून यावेळी वही घेऊन बसलेय आणि रोजचं लिहून ठेवणार आहे.

मुख्य काम ताईचा भारतातला नंबर. हा नंबर मुंबईचा, ती नोकरीला तिकडं गेली तेव्हा घेतलेला. आधार, पॅन, दोन बँका, पीएफ, म्युच्युअल फंड सगळं त्याच नंबरला जोडलेलं. न्यू जर्सीत ते सिम एका जुन्या थ्रीजी फोनमध्ये ड्रॉवरमध्ये पडून असायचं आणि ओटीपी पाहिजे असला की ती तो फोन चार्जिंगला लावायची, पण २०२२ मध्ये अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी आपलं थ्रीजी बंद केलं आणि तेव्हापासून तो फोन मुकाच. सिम काढून तिच्या चांगल्या फोनमध्ये टाकावं म्हटलं तर त्यात सिमचा ट्रेच नाही, अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला १४ पासून फक्त ई-सिम, म्हणजे वेगळं कार्ड नाही, सिम फोनच्या आतच. म्हणजे मी इथून दर महिन्याला रिचार्ज मारतेय, नंबर जिवंत आहे, पण त्यावर येणारा ओटीपी जगात कोणाच्याच हातात पडत नाही.

दुसरं काम आईचा फोन. ताईने नवीन घेतला, जुना आयफोन १४ आईसाठी आणतेय. तिसरं, जिजाजींनी तिकडच्या सुपरमार्केटातून स्वस्तात घेतलेला एक प्रीपेड अँड्रॉइड, न वापरलेला, तो बाबांना.

२५ जून, बुधवार

ताई काल रात्री पोचली, आज दुपारपर्यंत झोपली. संध्याकाळी दोन्ही फोन टेबलावर घेतले.

आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, अबाउट, तिथं खाली कॅरिअर लॉक अशी ओळ असते. फोन मोकळा असला तर तिथं नो सिम रिस्ट्रिक्शन्स दिसतं. आपल्यावर सिम लॉक्ड. ताईला वाटत होतं की तीन वर्षं वापरला म्हणजे सुटला असेल. मी विचारलं, हप्ते संपले का गं? तीन बाकी. तिथंच मेख आहे, तिकडं फोन हप्त्यावर मिळतो आणि हप्ते फिटेपर्यंत बहुतेक कंपन्या तो आपल्या नेटवर्कला बांधून ठेवतात, पैसे फिटले की सोडावा लागतो.

अँड्रॉइडमध्ये बाबांचं सिम टाकलं तर सरळ अनलॉक कोड मागितला. मी काहीच टाकला नाही. हे सगळ्यांनी लक्षात ठेवा, अंदाजाने आकडे मारू नका, चुकीच्या कोडची संधी मोजून मिळते, संपली की खरा कोड आणला तरी घेत नाही.

२७ जून, शुक्रवार

ताईचं जुनं सिम कोणत्याच फोनमध्ये लागत नाही, सोन्याचा पत्रा झिजून काळा पडलेला. सकाळी ते घेऊन दोघी बर्डीच्या बाजारात गेलो, मेट्रोने, कारण पार्किंगचं नावच काढायला नको. कंपनीच्या दुकानात ताईने आधारवर अंगठा दिला, फोटो दिला, अर्ध्या तासात त्याच नंबरचं नवीन सिम. हे काम दुसरं कोणी करू शकत नाही, ज्याच्या नावावर नंबर त्यानेच उभं राहायचं, म्हणून तीन वर्षं मी नुसती रिचार्ज मारत बसले होते.

मग ई-सिम करून द्या म्हटलं. काउंटरवरच्या मुलीने तीनदा प्रयत्न केला, "सिस्टिम घेऊनच नाही राहिली मॅडम, मुंबईचा नंबर आहे ना, तिकडच्या दुकानात जा." मुंबईला फक्त याच्यासाठी कोण जाईल? तिथंच उभ्या उभ्या ठरवलं, नंबर पोर्ट करायचा, आम्हा सगळ्यांचे नंबर ज्या कंपनीत आहेत तिथं आणायचा, म्हणजे ई-सिमही होईल आणि पुढचं सगळं मला इथून बघता येईल.

नवीन सिम घेतलं की २४ तास त्यावर एसएमएस बंद असतात, जाणारेही आणि येणारेही. फसवणूक करणारे दुसऱ्याच्या नंबरचं डुप्लिकेट सिम काढून ओटीपी पळवतात म्हणून ही सोय. चांगली आहे. पण आज मी एक गोष्ट विसरले आणि ती घरी आल्यावर आठवली.

२८ जून, शनिवार

विसरलेली गोष्ट: १ जुलै २०२४ पासून नियम आहे, सिम बदललं तर पुढचे ७ दिवस पोर्टिंगचा कोडच मिळत नाही. मी हे वाचलेलं होतं, तरी काल डोक्यात आलं नाही.

हिशोब मांडला. २७ ला सिम बदललं, म्हणजे ४ जुलैला कोड मागता येईल. मोबाईल कंपन्यांसाठी देशाचे विभाग पाडलेत, त्यांना सर्कल म्हणतात; आपलं नागपूर महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये येतं, मुंबईचं सर्कल वेगळं. एकाच सर्कलमध्ये पोर्टिंगला ३ कामाचे दिवस लागतात, सर्कल बदलत असेल तर ५. चार तारीख शुक्रवार, पुढं शनिवार-रविवार, मग सोमवार ७ पासून मोजायचं तर ११ पर्यंत जाऊ शकतं. ताईचं विमान १२ ला दुपारी. आणि पोर्ट झाल्यावर ई-सिम करायचं, त्याचे परत २४ तास एसएमएस बंद. एक दिवसही मागेपुढे झाला तर ताई ओटीपी न तपासताच विमानात बसणार. तिला सांगितलं तर ती म्हणाली राहू दे गं, पुढच्या वेळी बघू. मी म्हटलं नाही, यावेळीच.

३० जून, सोमवार

अँड्रॉइड घेऊन बर्डीतल्या मोदी नंबर ३ च्या गल्लीत. पहिल्या दुकानातला पोरगा म्हणाला, "होऊन जाईन ना ताई, टेन्शन काऊन घेता, सॉफ्टवेअर मारतो, अठराशे द्या." कोणतं सॉफ्टवेअर ते सांगेना, फोन ठेवून जा म्हणे. ठेवला नाही.

चार दुकानं सोडून एक वयस्कर काका आहेत, वीस-बावीस वर्षांपासून फोन उघडून राहिले. त्यांनी चष्मा वर करून *#०६# दाबलं, १५ आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, बघितला, मागचा मॉडेल नंबर बघितला आणि फोन परत दिला. म्हणाले, "बाई, हा प्रीपेडचा आहे. तिकडच्या कंपनीकडं चालू करून इतके महिने वापरा, तेव्हा ते सोडतात. हा तर एक दिवस नाही चालला. माझ्या हातून होत नाही, आणि जो होते म्हणते त्याच्यावर पैसे नका घालू." मग अजून एक विचारायला लावलं जे माझ्या डोक्यातच नव्हतं: समजा लॉक सुटलं, तरी यावरून बोलता येईल का? जिओकडं टूजी-थ्रीजी नाहीच, कॉल फक्त व्होल्टीईवर, म्हणजे फोरजीवरूनच जातो, आणि परदेशी फोनमध्ये आपल्याकडच्या कंपनीसाठी व्होल्टीई चालू नसलं तर इंटरनेट धावतं पण फोन लागत नाही. एअरटेलने थ्रीजी काढलं तरी टूजी ठेवलंय, तिथं निदान कॉल खाली उतरून लागतो.

काकांनी पैसे घेतले नाहीत, चहा पाजला. खरं सांगणारा मेकॅनिक भेटला की पुढचे दहा दिवस बरे जातात.

नंतर घरी तपासलं, खरंच आहे. अमेरिकेत प्रीपेडचे नियम पोस्टपेडपेक्षा कडक: टी-मोबाईलवर प्रीपेड फोनला चालू सेवेचे ३६५ दिवस, एटी अँड टीवर ६ महिने. तिकडं २०१४ च्या ऑगस्टमध्ये फोन अनलॉक करणं ग्राहकाचा हक्क म्हणून कायदा झाला, पण कधी सोडायचा ते ज्या त्या कंपनीच्या अटींवर. ब्रिटनने हा प्रश्नच मिटवला, १७ डिसेंबर २०२१ पासून तिथं लॉक केलेला फोन विकताच येत नाही. कॅनडातही १ डिसेंबर २०१७ पासून तसंच. मला हे बरोबर वाटतं. हप्ते बाकी असतील तर वसुलीचे दुसरे मार्ग आहेत ना, माणसाला एकाच नेटवर्कला बांधून का ठेवायचं?

१ जुलै, मंगळवार

आज काम काही नाही, थांबायचं आहे. बाबांना लॉक म्हणजे काय ते समजावून सांगत होते, तर तेच म्हणाले, माझा तो बिनसिमचा फोन होता तसंच ना? अगदी तसंच. २००४ च्या सुमारास बाबांनी इतवारीतल्या दुकानासाठी सीडीएमए फोन घेतला होता, त्यात सिम नसायचंच, नंबर हँडसेटच्या आतच कोरलेला. चार वर्षं तो नंबर दुकानाच्या बोर्डावर, बिलबुकावर, कॅलेंडरवर, भंडारा-गोंदियाच्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या डायऱ्यांत. २००८ ला कंपनी बदलली आणि नंबर गेला, कारण तेव्हा नंबर सोबत न्यायची सोयच नव्हती. बोर्ड नवीन रंगवला, बिलबुकं रद्दीत, आणि गोंदियाचे दोन जुने व्यापारी पुढं कधी आलेच नाहीत, त्यांना वाटलं दुकान बंद झालं. नंबर पोर्टेबिलिटी देशभर सुरू झाली २० जानेवारी २०११ ला. बाबांना अजून तो जुना नंबर पाठ आहे, आज जेवताना त्यांनी तो सलग म्हणून दाखवला.

म्हणून मी ताईला पुढच्या वेळी बघू म्हणू देत नाहीये. हँडसेट काय, दुसरा मिळतो.

२ जुलै, बुधवार

आयफोनचे उरलेले तीन हप्ते ताईने एकदम भरले. रात्री साडेनऊला, म्हणजे तिकडं दुपारी बाराला, कंपनीच्या चॅटवर अनलॉकची विनंती टाकली. खात्याचा पिन मागितला, मग तिच्या अमेरिकन नंबरवर एक कोड पाठवला, तो घरच्या वायफायवर आला कारण तिने वायफाय कॉलिंग चालू ठेवलेलं होतं. हे येताना चालू करूनच यायचं, नाहीतर इथं बसून तिकडच्या खात्यात शिरताच येत नाही.

उत्तर: दोन कामाच्या दिवसांत कळवू. ताई म्हणाली शुक्रवारी ४ जुलै, तिकडं स्वातंत्र्यदिन. म्हणजे सोमवार.

४ जुलै, शुक्रवार

सकाळी सात वाजता ताईच्या नंबरवरून पोर्ट, स्पेस, दहा आकडी नंबर असा एसएमएस १९०० ला. उत्तर आलं, पात्र नाही. धस्स झालं. मग सुचलं की २७ ला सिम दुपारी एकच्या पुढं चालू झालं होतं, ७ दिवस अजून भरलेच नाहीत. दुपारी दोनला परत पाठवला आणि आठ अक्षरी कोड आला! हा कोड फक्त ४ दिवस चालतो, त्यामुळे तसंच उठून रिक्षाने आमच्या कंपनीच्या दुकानात, ताईचा अंगठा, फोटो, नवीन सिम हातात. जुन्या नंबरमधला बॅलन्स आणि उरलेली व्हॅलिडिटी सोबत येत नाही, आम्ही मुद्दाम मोठा रिचार्ज केलाच नव्हता.

६ जुलै, रविवार

आषाढी. साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी. फोनचं काही नाही.

७ जुलै, सोमवार

रात्री ११ ला मेल, फोन अनलॉक झाला. अबाउटमध्ये बघितलं, नो सिम रिस्ट्रिक्शन्स. आई झोपली होती, तिला उठवून दाखवलं.

पुसायच्या आधी ताईकडून अ‍ॅपल आयडीतून साइन आउट करून घेतलं आणि फाइंड माय बंद. हे कुलूप वेगळं, कंपनीचं नाही, मालकाचं. कंपनीने फोन सोडला पण मालकाचा आयडी आत राहिला तर फोन पुसल्यावर तोच आयडी मागत बसतो. बर्डीत लोक दोन्हीला लॉकच म्हणतात त्यामुळे गोंधळ होतो, जुना परदेशी फोन घेताना दोन्ही वेगवेगळे विचारा.

९ जुलै, बुधवार

पाऊस धो धो, सगळे घरी. आईचं सिम ई-सिममध्ये बदललं. *#०६# दाबलं की आयएमईआयसोबत ३२ आकडी ईआयडी, म्हणजे ई-सिमचा ओळख क्रमांक, दिसतो, तो लागतो. जुन्या फोनमधल्या सिमवर कन्फर्मेशन येतं म्हणून जुना फोन शेवटपर्यंत चालू ठेवायचा. आईला सगळ्यात जास्त भीती होती की नंबर हवेतच राहील, सिम म्हणजे हातात धरायची वस्तू, ती गेली म्हणजे नंबर गेला. क्यूआर स्कॅन झाल्यावर दहा मिनिटं दांड्या आल्या नाहीत तेव्हा माझीही छाती धडधडत होती. मग आल्या. तिने पहिला फोन शेजारच्या काकूंना केला, घरातून, काकू पलीकडच्या भिंतीला.

ताईचा नंबर रात्री उशिरा गप्प झाला. नो सर्व्हिस. ही चांगली खूण असते.

१० जुलै, गुरुवार

सकाळी सहा वाजता ताईचं नवीन सिम जिवंत. नंबर तोच! ११ पर्यंत धरलं होतं, एक दिवस वाचला. दुकान उघडायच्या आधी दारात उभी होते, ई-सिम करून घेतलं, सव्वाबाराला ताईच्या नव्या फोनमध्ये दोन लाइन दिसायला लागल्या, एक अमेरिका, एक इंडिया.

रिचार्ज वर्षभराचा मारला, फक्त कॉल आणि एसएमएसचा, डेटा नसलेला. ट्रायने, म्हणजे मोबाईल कंपन्यांचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, डिसेंबर २०२४ मध्ये असे बिनडेटाचे पॅक द्यायला लावले आणि त्यांची मुदत ९० वरून ३६५ दिवसांपर्यंत वाढवली, परदेशात राहणाऱ्यांसाठी यापेक्षा कामाची गोष्ट नाही. दर महिन्याची माझी रिचार्जची आठवण सुटली.

११ जुलै, शुक्रवार

दुपारी साडेबारानंतर बँकेचा ओटीपी मागवला. आला. ताईने स्क्रीन माझ्यासमोर धरली, काही बोलली नाही. संध्याकाळी तिच्याकडून तीन गोष्टी करून घेतल्या: इंटरनॅशनल रोमिंग इथूनच चालू, इंडिया लाइनवर डेटा रोमिंग बंद, आणि डेटासाठी कायम अमेरिकेची लाइन. रोमिंगमध्ये येणाऱ्या एसएमएसला पैसे लागत नाहीत पण आलेला कॉल उचलला तर लागतात, तेव्हा इंडिया लाइनवरचा अनोळखी कॉल वाजू द्यायचा.

जिजाजींनी फोनवर विचारलं की जानेवारी २०२३ पासून अमेरिकेच्या नंबरवरही एनआरओ खात्याला, म्हणजे परदेशी राहणाऱ्याच्या इथल्या बँक खात्याला, यूपीआय जोडता येतं ना, मग एवढा आटापिटा कशाला? येतं, अमेरिकेसकट बऱ्याच देशांचे नंबर घेतात. पण आधार आहे, पीएफ आहे, फंड आहेत, आणि २०२५ च्या जुलैपर्यंत तरी आधारचा मोबाईल नंबर बदलायला केंद्रावर स्वतः जावं लागत होतं. यूपीआयने एकच दार उघडतं.

१४ जुलै, सोमवार

ताई पोचली. इंडिया लाइनवर नो सर्व्हिस. मी इथून सांगत गेले: सेटिंग्ज, सेल्युलर, इंडिया लाइन, नेटवर्क सिलेक्शन, ऑटोमॅटिक बंद, यादी येऊ दे, एकेक निवडून बघ. पहिलं घेतलं नाही, दुसऱ्याला लागलं. रात्री ११:४० ला आपल्याकडे, तिकडं दुपारी २:१०, ओटीपी न्यू जर्सीत पोचला. तीन वर्षं अडकलेला फंडाचा अर्ज तिने तेव्हाच भरून टाकला.

अँड्रॉइडवर बाबा वायफायने भजनं ऐकतात. तो तसाच राहील.

७ सप्टेंबर, रविवार

मामेभाऊ १४ ला लीड्सला चाललाय, एमएस्सीला. मामी सकाळीच आली, याचं पण करून दे म्हणे. त्याचा फोन इथला, लॉक नाही. त्याचं भारतातलं सिम ई-सिम केलं, ट्रे तिकडच्या सिमसाठी मोकळा ठेवला, वर्षाचा रिचार्ज, रोमिंग चालू, बँकेचा ओटीपी तपासला. सगळं मिळून दोन दिवस, कारण यावेळी क्रम माहीत होता.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

काल भाऊबीज, व्हिडिओ कॉलवर लीड्सच्या मामेभावाचा आवाज तुटत होता. खोलीत नेटवर्कच येत नाही म्हणे, खिडकीशी उभं राहावं लागतं, आणि आता कॉलेज, घरमालक, बँक, पार्ट टाइम काम सगळ्यांना तिकडचा हाच नंबर दिलाय. त्याला वाटत होतं नवीन प्रीपेड घ्यावं आणि नवीन नंबर सगळ्यांना कळवावा. मी म्हटलं थांब.

ब्रिटनमध्ये स्वतःचे टॉवर असलेली नावं चारच, ईई, ओ-टू, व्होडाफोन आणि थ्री, त्यातल्या शेवटच्या दोन कंपन्याही २०२५ मध्ये एक झाल्या, बाकीची स्वस्त प्रीपेड नावं त्यांच्यावरच चालतात: गिफगाफ ओ-टूवर, लेबारा आणि व्हॉक्सी व्होडाफोनवर, स्मार्टी थ्रीवर, लायका ईईवर. म्हणजे नाव बदललं तरी खालचा टॉवर तोच असू शकतो, मग बदलून उपयोग काय? त्याला सांगितलं, रूममेटचे फोन घे, खोलीत कोणाच्या किती दांड्या येतात ते बघ, वेगळ्या टॉवरचं प्रीपेड घे, मग नंबर न्यायच्या कोडसाठी जुन्या सिमवरून PAC असं ६५०७५ वर पाठव.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

त्याने काल सकाळी मेसेज पाठवला, एका मिनिटात कोड आला. तिकडचा कोड ३० दिवस चालतो. नव्या कंपनीला दिला आणि आज नंबर हलला. ना अंगठा, ना फोटो, ना दुकान, एक कामाचा दिवस! ताईच्या वेळचे माझे ते आठवडे आठवले.

तिकडं रविवारी घड्याळं मागे गेली, आता साडेपाच तासांचा फरक. रात्री दहाला त्याने बाबांना फोन लावला, खोलीतून, आवाज स्वच्छ. बाबांच्या फोनवर त्याचं नाव आलं तेव्हा ते मला म्हणाले, कंपनी बदलली म्हणत होतीस ना? बदलली बाबा. त्यांनी परत एकदा स्क्रीनवरचा नंबर वाचला, मग उचलला.